खंडेनवमीची थ्री नॉट थ्री

मालकांना एकच डोळा आहे. दिसायला दोन आहेत, पण डावा चाळीसेक वर्षांपूर्वी लेथवरून उडालेल्या ढलपीनं गेला. उजव्या डोळ्यावर ते पेपर वाचतात, ट्रक चालवतात आणि खुर्चीच्या पायातली केसाएवढी फट दहा फुटांवरून हेरतात. दर तीन महिन्यांनी डॉक्टरकडं जाऊन त्या डोळ्याचा दाब मोजून घेतात आणि परत आल्यावर मला सांगतात, "अजून आहे." एवढंच.

हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या ऑक्टोबरात माझ्या जिवाला जो घोर लागला तो त्या एका डोळ्याचा होता. माझ्या हातून तो जवळजवळ गेलाच होता.

मी नववीत दोनदा नापास झालो आणि तिसऱ्यांदा बसलोच नाही. गावाकडं एका मेस्त्रींच्या हाताखाली आणि नंतर स्वतःचं दुकान टाकून मिळून पंचवीस वर्षं रंधा मारला. ताई शिकली, इंजिनियर झाली, लग्न करून इकडं ओहायोत आली. तिनं माझ्यासाठी भरलेला ग्रीन कार्डाचा अर्ज इतकी वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला की तो मंजूर झाला तेव्हा माझे कानाजवळचे केस पिकले होते. आई थकलेली, मुलीची शाळा मध्यावर, म्हणून बायको मागं राहिली आणि मी एकटा आलो. ओहायोतल्याच डब्लिन गावात ताईच्या घराच्या बेसमेंटमध्ये माझी खोली. शनिवारी वर दाजींचे मित्र जमायचे, सगळे आयटीतले. कुणी विचारलं, काय करता, आणि मी म्हटलं, सुतारकाम, की समोरचा उत्साहानं म्हणायचा, "ओ, वुडवर्किंग! यार, माझीपण तीच हॉबी आहे." मी हसायचो. पोट ज्यावर चालतं त्याला हॉबी म्हणतात हे मला इथं येऊन कळलं.

मालकांची गाठ पडली ती ताईच्या जेवणाच्या टेबलामुळं. त्याचा पाय निखळला होता. मी दुरुस्त करतो म्हटलं, पण माझ्याकडं इथं एक पटाशीसुद्धा नव्हती. म्हणून ताईनं ते गावाबाहेरच्या एका जुन्या फर्निचरच्या वर्कशॉपात नेलं आणि टेबल उचलायला मी बरोबर गेलो. मालक तेव्हाच सत्तरी ओलांडलेले, एकटे, भावाशिवाय कुणी नसलेले. ताईनं सांगितलं, हा माझा भाऊ, हा कार्पेंटर आहे. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही. हात पुढं करायला सांगितले, उलटेसुलटे करून बघितले, अंगठ्याजवळचा घट्टा दाबला आणि म्हणाले, "सोमवारी ये."

त्या सोमवारला आता चार वर्षं होऊन गेली. त्यांनी मला काम दिलं, लायसन्सच्या परीक्षेला स्वतःच्या ट्रकमधून नेलं, पहिल्या हिवाळ्यात माझे बूट बघून काही न बोलता दुसरे आणून ठेवले. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? मला इंग्रजी निम्मं कळतं. न कळलेल्या निम्म्याला मी 'यस' म्हणतो, आणि कळलेल्यालाही 'यस'च म्हणतो. ताई म्हणायची, "तुला कुणी विहिरीत उडी मारतोस का विचारलं तरी 'यस, यस' करत काठावर जाशील."

तर गेल्या वसंतात मालकांचा थोरला भाऊ वारला. त्याच्या घरातून ते एक जुनं घोंगडं गुंडाळून घेऊन आले आणि माझ्या बाकावर उलगडलं. आत बंदूक होती. नळीवर तांबूस गंज, गोळी भरायला मागंपुढं सरकवायचा बोल्ट जाम झालेला, आणि पुढचं लाकूड अर्ध्यातूनच करवतीनं कापून टाकलेलं. तरी मी एका नजरेत ओळखली. माझ्या तोंडून निघून गेलं, "थ्री नॉट थ्री."

मालकांनी चमकून बघितलं. "तुला कसं माहीत?"

"माय फादर," मी म्हटलं. "पोलीस. मेनी, मेनी."

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात शस्त्रागाराला हवालदार होते. शेकडो थ्री नॉट थ्री त्यांच्या ताब्यात. आयुष्यभर त्या पुसल्या, तेल दिलं, मोजल्या, कुलूप लावलं. उडवल्या फार थोड्या. मैदानावर परेड असली की आबांचा आवाज आमच्या क्वार्टर्सपर्यंत यायचा. घरात ते इतकं हळू बोलायचे की आई दोनदा विचारायची, आणि मैदानावर मात्र "परेड... थम!" म्हटलं की गल्लीतली कुत्रीसुद्धा उभ्या जागी थांबायची. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते मला आणि ताईला आत नेत. ओळीनं उभ्या बंदुका, सगळ्यांना हळदकुंकू, आणि प्रत्येकीच्या तोंडात एकेक झेंडूचं फूल. तेलाचा आणि झेंडूचा तो मिसळलेला वास मला अजून येतो.

मालकांनी त्यांची गोष्ट सांगितली. भावानं ती तरुणपणी सैन्याच्या जुन्या मालातून पोस्टानं मागवली होती. हरणाच्या शिकारीला जड होते म्हणून पुढचं लाकूड कापलं. त्यावरून दोघं भाऊ भांडले होते. मालक तेव्हापासून लाकडातले, त्यांना ते कापणं सहन झालं नव्हतं. "पन्नास वर्षं मी त्याला म्हणत होतो, दे, नीट करून देतो. त्यानं दिली नाही." मग म्हणाले, "आपण ही होती तशी करू. आणि मग मी तिच्यातून पाच गोळ्या मारीन. त्याच्यासाठी. डोळा आहे तोवर."

मी म्हटलं, यस.

रात्रीच्या जेवणाला हे सांगितलं तर दाजींचा घास हातातच राहिला. "बंदूक? तुला पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा फॉर्म भरायचाय ना? तोवर बंदूकच काय, साधं बेचकं हातात धरू नकोस."

"अहो, लाकूडकाम आहे फक्त," ताई म्हणाली.

"लाकूडकामच आहे, पण ज्यावर आहे ती बंदूक आहे! काहीतरी झालं, कुणाला लागलं, तर सगळं कॅन्सल. वकील काय म्हणेल माहितीये?"

वकील काय म्हणेल हे मला माहीत नव्हतं. मी दाजींना कबूल केलं की मी गोळी झाडणार नाही. बंदूक मालकांची, वर्कशॉप मालकांचं, मी फक्त लाकडाचा.

उन्हाळाभर काम चाललं. मालकांनी कुठून तरी त्याच बनावटीचं जुनं अखंड लाकूड मिळवलं, अक्रोडाचं, तेल पिऊन काळं पडलेलं. ते बसवणं म्हणजे खरी परीक्षा होती. लोखंड लाकडाला मागच्या बाजूला दोन ठिकाणी घट्ट टेकलं पाहिजे. तिथं फट राहिली तर प्रत्येक गोळीला बंदूक मागं सरकून लाकूड फोडणार. मी लोखंडाला काजळी लावून बसवायचो, काढायचो, जिथं काळं लागलं तिथं पटाशीनं कागदाएवढं तासायचो, पुन्हा बसवायचो. असं शंभरदा केलं असेल. मग अळशीचं तेल, रोज तळहातानं चोळून. बोल्टचा गंज मालकांनी स्वतः काढला. दस्त्याच्या बुडाला पितळी पत्रा होता, काळा पडलेला. मी एक दिवस ताईकडून चिंच आणून तो घासला, देवघरातल्या समईसारखा लखलखीत केला आणि मोठ्या आनंदानं मालकांना दाखवला.

त्यांनी तो बराच वेळ बघितला. "छान आहे," ते म्हणाले. "पण मी तुला नवी करायला सांगितली नव्हती. होती तशी करायची. जास्त करू नकोस."

मी यस म्हटलं. मला वाटलं, ते पितळेबद्दल बोलताहेत.

सप्टेंबरच्या शेवटी बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडं त्यांनी ती नेली. त्यानं मापं घेतली, नळी तपासली आणि सांगितलं, उडवायला हरकत नाही. परत आल्यावर मी नळी आतून पुन्हा पुसली. आबांची पद्धत होती तशीच, दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्याला चिंधी, एका बाजूनं सोडायची, दुसऱ्या बाजूनं ओढायची. उजेडाकडं धरून बघितलं. आतल्या वळणदार खाचा आरशासारख्या. मालकांनी शनिवार ठरवला.

आणि त्याच आठवड्यात बुधवारी खंडेनवमी आली.

वर्कशॉपात मी दर वर्षी पूजा करतो. पहिल्या वर्षी मालकांनी विचारलं होतं, हे काय? मी सांगितलं, आज हत्यारांना नमस्कार करायचा, आज त्यांना कामाला लावायचं नाही. ते म्हणाले, "म्हणजे हत्यारांचा बर्थडे." तेव्हापासून त्या दिवशी ते स्वतःच मशीनची बटणं बंद करतात. त्या बुधवारी ते डोळ्याच्या डॉक्टरकडं गेले होते. मी एकटाच होतो. रंधे, करवती, पटाश्या पुसून कापडावर मांडल्या, हळदकुंकवाची बोटं ओढली, अक्षता टाकल्या. ताईनं परसातले झेंडू दिले होते. आणि बाकावर, शिकंज्याला टेकून, ती उभी होती. पुरी, अखंड, तेलानं चमकणारी. आबा असते तर, असं मनात आलं. मी तिलाही हळदकुंकू लावलं आणि तोंडात झेंडू खोचला.

फूल पडलं.

पुन्हा खोचलं, पुन्हा पडलं. इथल्या झेंडूचा देठ बारीक आणि आखूड होता. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा मला ते बरं वाटेना. अपशकुन वाटला म्हणा. मी पूजेच्या ताटातला वातींचा कापूस घेतला, दोन बोटांत पिळून देठाभोवती घट्ट गुंडाळला, आणि तो नळीत फिरवत फिरवत आत दाबला. मग फूल ताठ उभं राहिलं. मी हात जोडले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाचं कपाट न्यायला ट्रक अर्धा तास आधी आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मालक दार उघडताहेत, आणि मी घाईघाईनं फुलं, अक्षता, सगळं गोळा करून कचऱ्यात टाकलं. बंदुकीच्या तोंडातलं फूलही उपसलं. बंदूक गवसणीत घातली. कपाट उचलायला धावलो.

शनिवारी सकाळी निघताना मालकांनी ट्रकच्या खिडकीतून विचारलं, "नळी बघितलीस?"

"यस," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. बघितली होती. पण नवमीच्या आधी.

रेंज शहराबाहेर, मक्याच्या कापलेल्या शेतांच्या पलीकडं. वर पत्र्याचं छप्पर, खाली ओळीनं सिमेंटची टेबलं, समोर शंभर यार्डांवर मातीचा उंच बांध. नारिंगी जाकीट घातलेली एक बाई तिथली अधिकारी होती, पन्नाशीची, शाळेतल्या हेडबाईंसारखी. तिनं नियम सांगितले. पिवळ्या रेषेच्या पुढं फक्त झाडणारा. झाडणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही. काही चुकीचं दिसलं तर कुणीही, अगदी बघायला आलेल्यानंही, हात वर करून 'सीझ फायर' ओरडायचं. "कळलं?" तिनं मला विचारलं.

"यस, मॅडम."

तिनं बंदूक उघडून आत गोळी नाही हे पाहिलं आणि पितळी पत्र्यावरून बोट फिरवून म्हणाली, "ही तर नवरीसारखी सजलीय." मालक माझ्याकडं अंगठा करून म्हणाले, "याचं काम." मला धन्य वाटलं. मी मागच्या बाकावर, रेषेच्या अलीकडं बसलो. मालकांनी कानांवर मोठे मफ चढवले. ते आधीच कमी ऐकतात, आता पूर्ण बहिरे. टेबलावर वाळूच्या पिशव्या, त्यावर बंदूक. त्यांनी पाच लांब गोळ्या खिशातून काढून एका रांगेत उभ्या केल्या आणि पहिली आत सरकवली.

बाईनं मला कानात घालायला फोमचे दोन पिवळे बोळे दिले. पिळून बारीक करायचे आणि आत दाबायचे, असं खुणेनं दाखवलं. मी एक बोळा दोन बोटांत पिळला. घट्ट. मग कानात फिरवत फिरवत आत दाबला.

आणि माझी बोटं थांबली.

हे मी केलंय. हे आत्ताच, दोन-तीन दिवसांपूर्वी, ह्याच दोन बोटांनी केलंय. फूल उपसलं तेव्हा काय आलं हातात? फूल. नुसतं फूल. देठ होता का? कापूस होता का? मला मुठीतला झेंडू डोळ्यांसमोर दिसत होता, खालचा हिरवा देठ तुटून ओला झालेला, आणि कापूस कुठंच दिसत नव्हता.

आबा शस्त्रागारात नव्या पोरांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. नळीत साधी चिंधी राहिली तरी गोळीला जायला वाट मिळत नाही. मग ती नळी फाडते. आणि बोल्टच्या मागं काय असतं? तुझं तोंड असतं.

मालकांचा गाल दस्त्यावर टेकला होता. बोल्टच्या मागं त्यांचा उजवा डोळा होता.

मी उठलो. शेजारच्या टेबलांवरून गोळ्या सुटत होत्या. ओरडायचं काय, ते तिनं सांगितलं होतं, पण ते दोन शब्द माझ्या डोक्यातून साफ गेले. आणि दुसरंही एक होतं, ते लपवत नाही. सगळे बघतील. पोलिसांना बोलावतील. विचारतील, नळीत कुणी घातलं? तू? तुझी कागदपत्रं कुठायत? दाजींचं 'कॅन्सल' कानात वाजलं. कदाचित कापूस आला असेल बाहेर. कदाचित मी उगाच भितोय. एवढा विचार करायला किती वेळ लागला असेल? एक श्वास. त्या एका श्वासाची मला आजही लाज वाटते.

मग माझ्या छातीतून आवाज निघाला. इंग्रजी नाही, मराठीही नाही.

"थम!"

तो माझा आवाज नव्हता. मैदानावरचा होता. मी हात वर केला आणि पुन्हा, "थम! थम!"

नारिंगी बाईनं शब्दाचा अर्थ विचारला नाही. तिचा भोंगा लगेच वाजला. "सीझ फायर! सीझ फायर!" ओळीतले सगळे मागं सरकले, एकटे मालक सोडून. त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्यांचं बोट चापावर होतं. ती धावत त्यांच्या बाजूला गेली, वाकली आणि आपला पसरलेला पंजा त्यांच्या नजरेसमोर आडवा धरला.

त्यांनी मान उचलली. बोट बाहेर आलं.

बंदूक रिकामी केली. बोल्ट काढला. बाई नळीतून उजेडाकडं बघायला वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. "काळं आहे," ती म्हणाली. कुणीतरी लांब सळई दिली. तिनं ती मागून सरकवली, तोंडाजवळ येऊन अडली, तिनं तळहातानं जोर दिला. टेबलावर काहीतरी टपकलं. हळदीनं पिवळा झालेला, तेलानं चिकट, करंगळीच्या पेराएवढा कापसाचा बोळा, आणि त्याच्या मधोमध वाळलेला देठ.

एका दाढीवाल्यानं खालच्या आवाजात शिवी दिली.

"हे काय आहे?" बाईनं विचारलं.

"आय पुट," मी म्हटलं. "फ्लॉवर. फॉर गॉड. फ्लॉवर फॉलिंग... सो, कॉटन." आणि पुढं इंग्रजी संपलं. मी नुसता उभा राहिलो, दोन्ही हात समोर धरून, पहिल्या दिवशी धरले होते तसे.

तिनं वही काढली. "शेवटची नळी कुणी तपासली?"

मी तोंड उघडणार तोच मालक म्हणाले, "मी. म्हणजे मी तपासायला हवी होती. झाडणारा मी. बघायचं काम माझं."

"यानं तुम्हाला थांबवलं म्हणून तुम्ही उभे आहात," ती म्हणाली.

"ते दिसतंय मला," मालक म्हणाले. "अजून दिसतंय."

तिला हसू आलं नाही. तिनं तेवढं लिहून घेतलं, म्हणाली, जायचं असेल तर जा, झाडायचं असेल तर आधी नळी माझ्यासमोर साफ करा. आणि जाताना मला म्हणाली, "तो शब्द चांगला आहे."

मालक मला बाजूला ट्रकपाशी घेऊन गेले. मला वाटलं, आता सांगतील, सोमवारपासून येऊ नको. चार वर्षांत मी त्यांना रागावलेलं बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं.

"या बंदुकीच्या चापाला दोन टप्पे असतात, तुला माहितीये. मी पहिला घेतला होता." त्यांनी बोट आणि अंगठा जवळजवळ टेकवून दाखवलं. "इतकं राहिलं होतं."

मी रडायला लागलो. "सॉरी. फ्लॉवर, सॉरी."

"फुलाचं काही नाही! फुलाला मी रागावत नाहीये!" ते ओरडले. मग हळू, एकेक शब्द तोडून, मला नीट कळेल असं म्हणाले, "सकाळी मी तुला विचारलं. तू यस म्हणालास. मला तुझं यस ऐकायला आवडतं म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. चूक दोघांची. पण आजपासून मला तुझं यस नकोय. मला खरं काय ते हवंय. विचार कर, बघ, मग बोल. उशीर लागला तरी चालेल."

मी यस म्हणणार होतो. तोंडावर आलेलं गिळलं आणि मान हलवली.

आम्ही परत टेबलापाशी गेलो. मालकांनी दोरी आणि चिंध्या माझ्याकडं दिल्या आणि स्वतः बाजूला खुर्चीवर बसले. मी पितळी वजन सोडलं, चिंधी ओढली. पिवळी आली. दुसरी ओढली. फिकट पिवळी. तिसरी पांढरी. बाई बघत होती. ओळीतले बाकीचे आमच्यासाठी खोळंबले होते आणि त्यांची ती चुळबुळ माझ्या पाठीला जाणवत होती.

"झालं?" मालकांनी विचारलं.

मी नळी आभाळाकडं धरली. उजेड दिसत होता. गोल, स्वच्छ. खाचा वळत वळत त्या उजेडाकडं चालल्या होत्या. पण तोंडापाशी एका खाचेत केसाएवढं काहीतरी पांढरं होतं. कदाचित चिंधीचा दोरा. त्यानं काही झालं नसतं.

"नो," मी म्हटलं. "वन मोअर."

मालकांनी घड्याळात बघितलं नाही. बाईनंही नाही. मी चौथी चिंधी ओढली, पुन्हा धरून बघितलं, बोट फिरवलं, पुन्हा बघितलं.

"नाऊ?"

"नाऊ यस."

त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. पहिलीला मी डोळे मिटले होते. आवाज असा आला की बाक हलला, आणि मी डोळे उघडले तेव्हा ते बोल्ट ओढत होते आणि रिकामं पितळ टेबलावरून घरंगळत खाली येत होतं. लाकूड जागचं हललं नव्हतं. पाचवीनंतर त्यांनी मफ काढले आणि डोळा पुसला. धुरानं म्हणा, भावासाठी म्हणा. मी विचारलं नाही. निशाणाच्या कागदावर पाचही छिद्रं डावीकडं खाली, ताटाएवढ्या जागेत होती. "भाऊ हसला असता," ते म्हणाले. मग खिशातून आणखी एक गोळी काढून पुढं केली. "तू?"

"नो," मी म्हटलं. "आय प्रॉमिस्ड." दिवसातलं माझं दुसरं नो. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

पिवळा बोळा त्यांनी रुमालात गुंडाळून घेतला होता. तो आता वर्कशॉपात, त्यांच्या बाकाच्या वर, खिळ्याला टांगलेल्या बाटलीत आहे.

घरी आलो तर दाजी बाहेर गवत कापत होते. ताई स्वयंपाकघरात वांगी चिरत होती. मी स्टूल ओढून बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तिची सुरी मध्येच थांबली. मला वाटलं, आता कागदपत्रांचं काढेल.

"आबा कधी कापूस घालायचे का रे?" तिनं विचारलं.

"नाही. नुसतं फूल."

"मग त्यांची फुलं पडायची नाहीत?"

मी आठवून बघितलं. आजपासून आठवूनच बोलायचं होतं. शस्त्रागाराच्या त्या ओळीखाली फरशीवर झेंडू पडलेले असायचे. ताई आणि मी ते वेचून तिच्या फ्रॉकच्या ओच्यात भरायचो. आबा एकही परत खोचायचे नाहीत.

"पडायची," मी म्हटलं. "बरीच पडायची."

"मग पडू द्यायचं होतंस की," ती म्हणाली, आणि पुन्हा वांगी चिरायला लागली.